गोफणकऱ्याची किंमत किती?

खानदेशातल्या तमाम श्रोत्यांना राम राम.

मे महिन्यात भुसावळकडचं रान आठवा. माणसं झुंजुमुंजु व्हायच्या आत शेतात जातात, अकराच्या आत सावली धरतात आणि ऊन कललं की पुन्हा बांधावर येतात. डावपेचांच्या अद्‌भुत संगणकी खेळात आपल्या मातीतली फौज उभी करायची असेल, तर तिचा पहिला गुण इथंच सापडतो. पागोट्याचा रंग, झेंड्यावरचं चित्र हे सगळं नंतर.

आज उदाहरणाला ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा खेळ घेऊ. तो 2003 पासून चालत आलेला, फुकट मिळणारा आणि जुन्या संगणकावरही चालणारा आहे. त्यातल्या प्रत्येक शिपायाची माहिती साध्या मजकुराच्या फायलीत असते. म्हणून नोटपॅड वापरता येणारा कुणीही त्यात नवी फौज, खेळणाऱ्यांच्या भाषेत फॅक्शन, घालू शकतो.

वेसनॉथमधला दिवस सहा फेऱ्यांचा असतो: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन प्रहर. ‘लॉफुल’ शिपायाचा मारा दिवसा 25 टक्के वाढतो आणि रात्री तेवढाच घटतो. ‘केऑटिक’ शिपायाचं नेमकं उलट. खेळातला भालाईत 14 मोहरांना मिळतो, त्याचा घाव 7 चा, तीन वेळा. दिवसा तो 9 चा होतो, म्हणजे तिन्ही लागले तर 27. रात्री 5 चा, म्हणजे 15. माणूस तोच, पण जवळजवळ निम्मा झाला. तिसरा प्रकार ‘लिमिनल’, म्हणजे संधिकाळी भरात येणारा. आपल्या उन्हाळ्याची माणसं ती हीच. सहातल्या दोनच फेऱ्या त्यांच्या. बाकी चार फेऱ्या गावं धरून, अंग राखून बसायचं आणि पहाट झाली की झडप घालायची. ही फौज हाती आली की खेळणाऱ्याला खेळण्याची रीतच बदलावी लागते. पर्याय वाढवायचे ते असे.

आता जमीन. साध्या पायदळाला टेकडीवर एका घरासाठी दोन पावलं लागतात आणि बचाव 50 टक्के मिळतो, म्हणजे शंभरातले सरासरी पन्नास घाव हुकतात. उथळ पाण्यात तीन पावलं आणि बचाव फक्त 20. सातपुड्याच्या फौजेला टेकडीवर एक पाऊल आणि 60 टक्के बचाव द्या. त्याची भरपाई म्हणून जंगलाबाहेरच्या सपाटीवर तिचा बचाव 40 वरून 30 वर आणा. तापीकाठच्या नावाड्यांना उथळ पाण्यात दोन पावलं आणि 40 टक्के द्या, पण टेकडी त्यांना तीन पावलांची करा. काळ्या रानाच्या फौजेला सपाटीवरचा बचाव वाढवून द्यावासा वाटतो. तो मोह टाळा. पटावर सपाट जमीनच जास्त असते. तिथं बचाव 40 चा 50 केला की अंगावर बसणारा मार एक षष्ठांशाने कमी होतो, आणि तोही जवळजवळ प्रत्येक झटापटीत. त्यापेक्षा पावसाळी काळ्या चिखलात वाढलेल्या या माणसांना दलदलीत तीनऐवजी दोन पावलं द्या. तेवढं पुरतं.

हे आकडे लिहिताना नव्वद टक्के घोळ एकाच जागी होतो, म्हणून जरा थांबून सांगते. फायलीत बचावाचा आकडा लिहायचा नसतो, मार लागण्याची शक्यता लिहायची असते. 60 टक्के बचाव हवा तर 40 लिहा. प्रतिकाराचंही तसंच. तलवारीचा मार 20 टक्के कमी बसावा असं वाटत असेल तर 80 लिहायचे. उलटं लिहिलंत तर खेळ बंद पडत नाही, चूकही दाखवत नाही. नुसती फौज हरत राहते आणि कारण कळत नाही.

किमतीकडे येऊ. ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणारा गोफणकरी घ्या. लांबून दगड, 6 चा घाव, तीन वेळा, मार ठोशाचा. जवळून मात्र 4 चा, दोनदा. जीव 30. सांगाड्यांवर ठोशाचा मार 20 टक्के जास्त बसतो, म्हणजे मढ्यांच्या फौजेपुढे हा फार कामाचा. तोलायला खेळातला ऑर्क ग्रंट, म्हणजे ऑर्क या राक्षसी जमातीचा साधा शिपाई, समोर ठेवा: 12 मोहरा, जीव 38, घाव 9 चा दोनदा, लांबचा मार नाही. गोफणकऱ्याला 14 लावायचे की 15? सुरुवातीला 100 मोहरा असतील तर 14 ला सात गडी येतात आणि 15 ला सहाच. एका मोहरेत अख्खा माणूस गेला. तेच 13 वरून 14 केले तर पहिल्या भरतीत काहीच फरक पडत नाही. किंमत बदलण्याआधी हा भागाकार करून बघावाच.

जमीन, वेळ, हत्यार अशा तीन रकान्यांत तीन-तीन पर्याय ठेवले की 27 फौजा होतात, आणि त्यांच्या आपसातल्या जोड्या 351. चौथा रकाना जोडला की फौजा 81, जोड्या 3240. इतके डाव कोण खेळून बघणार? म्हणून दोन रकाने स्थिर ठेवा, तिसऱ्यातला एकच पर्याय बदला आणि समोर दर वेळी मूळ खेळातली तीच फौज घ्या. प्रत्येक पर्यायाचे निदान चार डाव, बाजू बदलून. चौथा रकाना या नऊ पर्यायांची घडी बसल्यावरच.

निवड डावाच्या सुरुवातीला प्रश्न विचारून करता येते. पहिल्या फेरीत खिडकी उघडते, खेळाडू सातपुडा किंवा तापी निवडतो आणि तसे शिपाई त्याच्या भरतीच्या यादीत येतात. इथं दोन खड्डे आहेत. फायलीत लिहिलेली अशी घटना (इव्हेंट) मुळात एकदाच घडते, त्यामुळे पहिल्या खेळाडूला प्रश्न विचारला जातो आणि दुसरा तसाच राहतो. ‘फक्त पहिल्यांदा’ ही अट ‘नाही’ करा. मग दुसरा खड्डा उघडा पडतो: प्रश्न समोरच्या ऑर्कवाल्यालाही जातो. म्हणून त्या बाजूची फौज कोणती, हे तपासणारी अट घाला.

नावांबद्दल कळकळीने सांगते. जागल्या, वाटाड्या, नावाडी, गोफणकरी ही कामांची नावं खुशाल वापरा. जातीजमातीचं नाव किंवा कानबाईसारखं घरोघर पुजलं जाणारं दैवत शिपायाला लावू नका. शिपायाला ‘मंद’ किंवा ‘रात्री दुबळा’ असा गुण चिकटला, की तो त्या माणसांनाच चिकटतो.

शिपायाचं दिसणारं नाव मराठीत ठेवा, फाईल यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात जतन करा. आतली ओळख (आयडी) मात्र इंग्रजी अक्षरांत ठेवा, आणि भरतीच्या यादीत ती अक्षर न् अक्षर तशीच लिहा. बदल केला की पहिल्या पडद्यावर एफ-5 दाबा, फायली पुन्हा वाचल्या जातात. मित्राबरोबर खेळणार असाल तर दोघांकडे एकच आवृत्ती हवी, म्हणून गोफणकऱ्याची एक मोहरसुद्धा बदलली तरी आवृत्तीचा क्रमांक वाढवा आणि फाईल त्यालाही पाठवा.