रोग जातो, माणूस परत येतो का?

सरकारी दवाखान्यातून सुट्टी होते तेव्हा रुग्णाच्या हातात एक कार्ड देतात. त्यावर निदान असतं, ऑपरेशन झालं असेल तर त्याची नोंद असते, औषधं असतात आणि पुन्हा दाखवायला कधी यायचं ती तारीख असते. माझी सगळी नोकरी हे कार्ड हातात घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या माणसांशी बोलण्यात गेली. मी डॉक्टर नाही. समाजसेवा अधीक्षक नावाचं एक पद सरकारी दवाखान्यात असतं, बऱ्याच जणांना ते माहीतही नसतं. ज्याच्याकडे पैसे नाहीत, ज्याला न्यायला कोणी येत नाही, कुठल्या योजनेचा कागद कुठे मिळतो हे ज्याला ठाऊक नाही, अशा माणसाला वॉर्डातून आमच्या खोलीकडे पाठवतात. तिथे बसून मला जे दिसलं तेच आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

रोग बरा होणं आणि माणूस सावरणं ही दोन कामं आहेत. बहुतेक वेळा ती जोडीनं होतात, म्हणून आपल्याला वेगळी दिसत नाहीत. टायफॉइड झाला, औषध घेतलं, थोड्या दिवसांनी माणूस पुन्हा कामाला लागला. इथे फरक शोधण्यात काही अर्थ नाही. एक काम होतं आणि दुसरं राहून जातं, तेव्हा तो दिसतो. आणि विदर्भात तो बघायला फार लांब जावं लागत नाही.

कुष्ठरोगाचंच घ्या. हा जंतूंनी होणारा रोग आहे हे नॉर्वेच्या हॅन्सेननं १८७३ मध्ये दाखवलं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन. रोग कमी पसरलेला असेल तर सहा महिने, जास्त असेल तर बारा महिने. औषध फुकट मिळतं आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती उरत नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशातलं प्रमाण दर १० हजार लोकांमागे एका रुग्णाच्या खाली आलं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे आजही नवे रुग्ण सापडतात, पण सापडला की बरा करता येतो. वैद्यकशास्त्रानं आपलं काम चोख केलेलं आहे, त्याला मी मनापासून नमस्कार करते.

आता दुसरी बाजू. उपचार पूर्ण झालेली एक बाई माझ्यासमोर बसली होती. जंतू गेलेले, बोटं मात्र वाकलेली. हाताची संवेदना गेल्यामुळे चुलीवरचं भांडं उचलताना भाजलं तरी कळत नसे, जखमा होत. ती म्हणाली, ‘‘मॅडम, रोग गेला म्हनता, मंग माहं ताट वेगळं काऊन ठेवते जी?’’ तिच्या कार्डावर ‘उपचार पूर्ण’ असं लिहिलेलं होतं. ते खरंच होतं. आणि तिचं ताट वेगळं होतं, हेही खरंच होतं.

ताट वेगळं ठेवणाऱ्या घरच्यांना दोष देणं सोपं आहे. पण आपल्या कायद्यांनीही तेच केलं. १८९८ चा लेपर्स ॲक्ट २०१६ मध्ये रद्द झाला. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे, एवढ्या कारणावर घटस्फोट मागता येत होता, ती तरतूद २०१९ मध्ये गेली. औषध १९८१ चं, दुरुस्ती २०१९ ची. मधली ३८ वर्षं बरा झालेला माणूस कायद्याच्या लेखी बरा झालेला नव्हता. शरीरातून जंतू जायला एक वर्ष पुरतं. समाजाच्या मनातून तोच रोग जायला किती लागतात, ते या आकड्यावरून कळतं.

इथून, नागपूरहून, दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर वरोरा आहे. नागपुरात वकिली शिकलेल्या बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन उभं राहिलं. बहुविध औषधोपचार यायला तेव्हा तीस वर्षं अवकाश होता. तिथे औषध होतंच, पण औषधाबरोबर कुदळ होती, शेत होतं, माग होता. ज्याला घरच्यांनी हाकललं तो स्वतःच्या हातानं विहीर खणत होता, धान्य पिकवत होता. मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती पुढची. १९६० च्या दशकात तिथे महाविद्यालय सुरू झालं आणि आसपासच्या गावांतली धडधाकट घरांतली मुलं शिकायला आनंदवनात यायला लागली. जिथे पाऊल ठेवायला लोक घाबरत, तिथे त्यांनी आपली मुलं पाठवली. भीती हासुद्धा एक आजार होता, तो वरोऱ्याला आणि आसपासच्या गावांना झालेला होता, आणि तिथल्या रहिवाशांनी तो बरा करायला हातभार लावला. सावरण्याचं काम एकट्या रुग्णाचं नसतं हे मी आनंदवनाकडे बघून शिकले.

सेवाग्रामला गेलात तर तिथली परचुरे कुटी बघा. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित, कुष्ठरोगी. त्या काळात या रोगावर भरवशाचं औषध नव्हतं. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांची मालिश केली. रोग बरा झाला नाही. तरी त्या माणसाला कोणी हात लावायला तयार नव्हतं अशा काळात ते आश्रमात, आपल्या माणसांत राहिले. एकीकडे रोग गेला आणि ताट वेगळं राहिलं, दुसरीकडे रोग राहिला आणि माणूस माणसांत राहिला. या दोन टोकांच्या मध्ये आपण सगळे कुठेतरी आहोत.

आता नागपूरच्या माणसाला जवळचा विषय, खर्रा. तो काय असतो हे या सभागृहात सांगायची गरज नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून देतात आणि पन्नी खिशात टाकून माणूस दिवसभर तोंडात भरत राहतो. आधी तोंड उघडेनासं होतं, दोन बोटंही आत जात नाहीत. मग न भरणारी जखम, मग गाठ. कॅन्सरचं ऑपरेशन करताना कधी जबड्याचा भाग काढावा लागतो, छातीचं किंवा मांडीचं मांस घेऊन गाल शिवावा लागतो. ही शस्त्रक्रिया करणारे हात फार कसबी असतात. गाठ निघते, रेडिएशन होतं, माणूस जगतो.

पण जेवायला बसला की त्याच्या तोंडातून अन्न सांडतं, लाळ गळते. बोललेलं समोरच्याला कळत नाही, लोक ‘काय, काय’ करतात, आणि तो बोलणंच सोडून देतो. असा एक ऑटोचालक मला आठवतो. घरी तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा. लग्नाकार्याला जाणं बंद, पंगतीत बसणं बंद. ऑटो भाड्यानं दिला, कारण सवारीला पैसे किती हे सांगताना जीभ वळत नव्हती. तपासणीला आला की रिपोर्ट चांगला यायचा. डॉक्टर खूश, आणि ते खूश होणं योग्यच होतं. त्याच्या बायकोनं मला बाहेर गाठलं आणि सांगितलं, हे घरात आहेत, पण घरात नाहीत.

त्याला सावरलं कोणी? वाणी उपचार करणाऱ्या ताईनं आधी त्याला गिळायला शिकवलं, मग आरशासमोर एकेक शब्द. वॉर्डातल्या सिस्टरनं त्याच्या बायकोला पातळ आणि घट्ट जेवण कसं द्यायचं ते दाखवलं. असंच ऑपरेशन होऊन गेलेला एक गृहस्थ, गालावर तसाच व्रण असलेला, त्याच्या घरी गेला आणि त्याच्यासमोर बसून जेवला. मी एवढी वर्षं समुपदेशन केलं, पण त्या जेवणानं जे झालं ते माझ्या बोलण्यानं झालं नव्हतं. पुढे तो ऑटो चालवायला लागला. भाडं सांगायचं असेल तर बोटं दाखवायचा.

लंडनच्या सिसिली सॉन्डर्स यांचा माझ्यावर मोठा प्रभाव आहे. त्या आधी परिचारिका होत्या, मग माझ्यासारख्या दवाखान्यातल्या समाजसेविका, आणि त्यानंतर वैद्यकशास्त्र शिकून डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली वेदना एकट्या शरीराची नसते, असं त्या सांगत. मुलीच्या लग्नाची काळजी, नवऱ्यावर पडलेलं कर्ज, ‘माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न, हे सगळं त्या एका दुखण्यात मिसळलेलं असतं. पण त्या फक्त हात धरून बसल्या नाहीत. त्यांनी आधी मॉर्फिन नियमित आणि पुरेसं दिलं. दुखणं थांबल्याशिवाय माणूस कोणाशी मनातलं बोलणार? आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर दवाखान्यांना मॉर्फिन मिळवणं इतकं किचकट झालं की अनेकांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा सुधारला. तरीही मॉर्फिन म्हटलं की घरचे घाबरतात, ‘सवय लागेल’ म्हणतात. शेवटचे दिवस मोजणाऱ्या माणसाला सवय लागण्याची भीती आपण घालावी, याचं मला फार वाईट वाटतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण आजचा विषय ऐकून कोणी भलताच अर्थ घेऊ नये. ‘हीलिंग’ या नावानं आज बरंच काही विकलं जातं. गोळ्या बंद करा, शरीर स्वतःच बरं होतं, असं सांगणारे लोक आहेत. इन्सुलिनवरच जगणाऱ्या लेकराचं इन्सुलिन थांबवायला सांगणारेही आहेत. हे सावरणं नाही, हा जीवावर बेतणारा अपराध आहे. माणूस सावरण्याचं काम औषधाच्या जागी करायचं नसतं, औषधाच्या जोडीनं करायचं असतं. दुसरा प्रकार थोडा सभ्य, पण तितकाच निर्दय. ‘मन खंबीर ठेवा, पॉझिटिव्ह राहा, मग सगळं ठीक होतं.’ म्हणजे ठीक झालं नाही तर चूक रुग्णाची. केमो घेऊन अंगात त्राण नसलेल्या बाईला आपण तिच्या मनाचाही हिशेब मागतो. तिला रडू द्या. रडून मोकळी झाली की ती स्वतःहून काय पाहिजे ते सांगेल.

डॉक्टरांकडून अपेक्षा ठेवावी का? ठेवावी, पण खरी परिस्थिती बघून. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांची ओपीडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. छिंदवाडा, बालाघाटपासून गडचिरोलीपर्यंतची माणसं पहाटेची गाडी पकडून येतात. त्या रांगेतल्या एकेकाला डॉक्टर किती मिनिटं देणार? २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद आणि नीतिमत्ता शिकवायला वेगळा भाग आला, हे चांगलं झालं. पण बराचसा भार सिस्टर, वॉर्डातल्या मावशी, आशाताई, शेजारी आणि शाळा यांच्यावरच येतो. आज समोर बरेच शिक्षक बसलेत, म्हणून शेवटचा विषय तुमच्यासाठी राखून ठेवला.

सिकलसेल. विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या कुटुंबांत, हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. आई-वडील दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी दोष अंगात असेल, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फोडून काढावीत अशा वेदना होतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानं तो बरा होऊ शकतो. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत जनुकीय उपचारालाही मान्यता मिळाली, अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. आपल्या एखाद्या खेड्यातल्या मुलीपर्यंत ते पोचेल तेव्हा पोचेल. आज तिच्याकडे हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध आहे, त्यानं वेदनेचे झटके बरेच कमी होतात, आणि ते तिनं घेतलंच पाहिजे.

त्यापुढचं तुमच्या हातात आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की झटका येतो, म्हणून तिची पाण्याची बाटली बाकावर राहू द्या आणि लघवीला जायला हात वर केला तर अडवू नका. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सकाळच्या कवायतीला तिला गणवेशावर स्वेटर घालू द्या. उन्हात मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षा तिला देऊ नका. महिन्यात चार दिवस गैरहजर राहिली तर सगळ्यांसमोर कारण विचारू नका, राहिलेला धडा कोण देणार ते ठरवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढायला जिल्हा रुग्णालयात जावं लागतं, आई-बापाला मजुरी बुडवून ते जमत नाही, तेव्हा शाळेतल्या कोणीतरी सोबत जा. दहावीचा फॉर्म भरायच्या आधी जा, म्हणजे परीक्षेच्या सवलतीचा अर्ज वेळेत करता येईल. दवाखान्यात पोचलात की समाजसेवा अधीक्षकांची खोली कुठे आहे ते विचारा. ती बहुधा एखाद्या कोपऱ्यात, जिन्याखाली असते, पण आत बसलेलं माणूस तुम्हाला सगळे कागद सांगेल.