जिभाऊंचं चित्र

नमस्कार श्रोतेहो. घरातल्या माणसाचं रंगवलेलं चित्र करून घ्यायचंय आणि चित्रकार दिव्यांग आहे, तर बोलणं कसं करावं, व्यवहार कसा ठरवावा, यावर आज मला बोलायचंय. ते सांगतोच. आधी जिभाऊंची गोष्ट.

जिभाऊ म्हणजे अमळनेर तालुक्यातले आमचे शेजारी. शेतकरी माणूस. डोक्यावर पांढरी टोपी, रंग काळा कुळकुळीत, नाकाशी चामखीळ. ते गेले, वर्षश्राद्ध जवळ आलं, तेव्हा थोरल्याच्या मनात आलं की फ्लेक्स नको, चित्र लावू. मला बरं वाटलं. हल्ली वाढदिवस असो की दहावा, चौकात फ्लेक्स. पावसाळा आला की तोच फ्लेक्स कुणाच्या तरी गोठ्यावर, आणि खाली म्हैस रवंथ करतेय. असो.

मुक्ताईनगरकडे एक चित्रकार राहतात. नाव घेत नाही, त्यांना आवडायचं नाही. तरुणपणी शेतात विजेचा धक्का बसून दोन्ही हात गेले. ब्रश दातांत धरून रंगवतात. पक्के वारकरी, हरिपाठ झाल्याशिवाय रंगांना शिवत नाहीत. मी विचारलं, रंगवताना नाम चालू असतं का? म्हणाले, "तोंडात ब्रश असतो, म्हणून मनातच घ्यावं लागतं. पांडुरंगाला ओरडून कशाला सांगायचं?"

थोरल्याने फोटो पुढे केला. कुठला? आधार कार्डावरचा. म्हणाला, "यावरून काढा. जरा उजळ करा, चामखीळ काढून टाका, आणि गळ्यात एक गोफ दाखवा." जिभाऊंनी उभ्या जन्मात गोफ पाहिला असेल तो सोनाराच्या काचेआड.

समोरच्या भिंतीवर चित्रकारांनीच रंगवलेला विठोबा होता. त्याच्याकडे मान करून म्हणाले, "याला काळाच रंगवतो मी. कुणी म्हणत नाही उजळ करा. तुमच्या वडिलांनी काय पाप केलंय?"

थोरला गप्प. मग सावरून म्हणाला, "सांगाल त्यापेक्षा हजार जास्त देतो, तुमची अवस्था बघून..." त्याला पुरतं बोलू दिलं नाही. "दाम चित्राचं द्या, अवस्थेचं नको. पसंत पडलं नाही तर तेही सांगा, मी पुन्हा बसेन." श्रोतेहो, हे लक्षात ठेवा. दाम चित्राचं, अवस्थेचं नाही.

खरी गंमत पुढेच. त्यांनी विचारलं, "जिभाऊ समोरच्याचं ऐकताना मान कशी धरायचे?" थोरला म्हणाला सरळ, धाकटा म्हणाला डावीकडे. दोघांची जुंपली. शेवटी आईला, म्हणजे माईंना, फोन लावला. माई म्हणाल्या, "डावीकडेच. डावा कान गयेल व्हता ना त्यासना!" उजवा कान पुढे यावा म्हणून जिभाऊ मान वळवायचे. एका छपराखाली राहणाऱ्या पोरांना बापाचा कान गेलेला ठाऊक नव्हता, आणि निघाले होते गोफ घालायला!

चित्र आलं. काळे जिभाऊ, चामखीळ जागच्या जागी, मान डावीकडे, कुणाचं तरी ऐकताहेत असे. माईंनी पदराने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. म्हणाल्या, "बठ्ठं बराबर शे. पन ह्या इतला गुपचूप कधी बठनात?" म्हणजे, सगळं बरोबर आहे, पण हे इतके गप्प कधी बसले?

वेळ फार गेला, आता भराभर सांगतो.

फोटो. दिवसा, खिडकीशी, एका बाजूने उजेड पडलेला. फ्लॅशमध्ये चेहरा सपाट होतो. मोबाईलवर गोरा केलेला तर नकोच. माणूस हयात नसेल तर जुने दोन-चार फोटो न्या, आणि बरोबर त्याची सवय माहीत असलेलं माणूस न्या. फोटो आणि माणूस, दोन्ही.

आकार. मोठं चित्र म्हणजे शान, असं समजू नका. दातांतला ब्रश मान पोचेल तेवढाच पोचतो. बारा बाय सोळा इंचांत चेहरा छान बसतो. कॅनव्हास नाकापासून वीतभर, म्हणून सगळं चित्र बघायला दर थोड्या वेळाने मागे सरकावं लागतं. जबडा अवघडतो. रोज फोन करून "झालं का" विचारू नका. तेलरंगात आपलंच जवसाचं तेल असतं, ते सुकायला दिवसच्या दिवस घेतं, आणि टर्पेंटाइनचा वास थेट नाकाशी. म्हणून आमचे चित्रकार ॲक्रिलिक, म्हणजे पाण्यात कालवायचे, लवकर सुकणारे रंग वापरतात.

व्यवहार. बयाणा आधी, बाकी चित्र मिळाल्यावर, आणि कागदावर लिहून. तोंडाने किंवा पायाने रंगवणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना जर्मन चित्रकार एरिक स्टेगमन यांनी १९५६ साली उभी केली. ते स्वतः पोलिओमुळे तोंडाने रंगवत. त्यांचंही म्हणणं हेच, दान नको, स्वतःची कमाई हवी. तेव्हा पुन्हा सांगतो, दाम चित्राचं.

चित्र दुपारचं ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका, देवघराच्या समईजवळही नको, काजळी धरते.

आणि हो, ज्येष्ठात मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघाली की आमचे चित्रकार आषाढीपर्यंत घरी सापडत नाहीत. दिवाळीला चित्र हवं असेल तर फोटो आत्ताच शोधायला लागा. नमस्कार.