खळाळातली मोजणी

(दृश्य: गुडघ्याच्या खाली पाणी असलेला ओढा. पाण्यावर आडव्या ताणलेल्या दोन दोऱ्या. वरच्या दोरीशी कुणीतरी लिंबू सोडतं.)

लिंबू निघालं. १० मीटर खाली दुसऱ्या दोरीपाशी एक मुलगी घड्याळ धरून उभी आहे. ४० सेकंदांच्या आसपास ते तिच्यासमोरून जायला हवं. पण मध्येच काठच्या लव्हाळ्यात शिरतं, दोन गिरक्या घेतं, अडकतं. सुटून दोरीपर्यंत येतं तोवर ७२ सेकंद झालेले असतात.

हे ७२ वहीत लिहायचे की नाहीत? काठावर लगेच वाद सुरू होतो. तो होऊ द्यायचा, कारण आठवीच्या पूर्ण वर्गाला ओढ्यावर आणण्याचा खटाटोप याच वादासाठी आहे.

पर्यावरण हा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशामुळे शाळांमध्ये सक्तीचा झाला. सक्तीचा झाला आणि बऱ्याच ठिकाणी चिकटवहीत जाऊन बसला. दुकानातून तयार चित्रांचा तक्ता आणायचा, कापायचा, चिकटवायचा, की प्रकल्प तयार. वर्षातून एकदा सहल निघते, तिलाच अहवालात क्षेत्रभेट म्हटलं जातं. बस, खाऊ, गटाचा फोटो आणि दुसऱ्या दिवशी ‘आमची सहल’ हा निबंध. सहलीला आमची हरकत नाही, फक्त तिला अभ्यास म्हणू नये.

(दृश्य: वर्ग. फळ्यावर खडूने काढलेला ओढ्याचा नकाशा: पूल, धुण्याचे दगड, मोठा उंबर.)

नव्या जागी गेलेलं मूल आधी जागाच बघतं. पाणी किती खोल आहे, साप असेल का, चप्पल वाहून गेली तर, लघवीला कुठे जायचं, डबा कधी खायचा? डोकं यात गुंतलेलं असताना प्रवाहाचा वेग कोण ऐकणार? इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटचे निर ओरिऑन आणि अवी हॉफस्टाइन यांनी क्षेत्रभेटींचा अभ्यास करून या नवखेपणाचे तीन भाग सांगितले. विषय नवा असतो, जागा नवी असते आणि दिवस कसा जाणार हेही ठाऊक नसतं. हे तिन्ही निघण्याआधी जितकं कमी होईल, तितकं मूल तिथे जास्त शिकतं.

म्हणून ओढ्यावर जाण्याआधी वर्गात दोन तासिका द्यायच्या. पहिल्या तासिकेत नकाशा, जागेचे मोबाइलवर काढलेले फोटो आणि दिवसाचं वेळापत्रक, तेही मिनिटांसकट. दुसरी तासिका मैदानावर. १० मीटर अंतर आखायचं, एकाने चालायचं आणि बाकीच्यांनी वेळ घ्यायची. पाच घड्याळांवर पाच वेगळ्या वेळा येतात, तेव्हा मुलं आधी एकमेकांना चुकीचं ठरवतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की बटण दाबायला प्रत्येकाचा हात थोडा मागेपुढे होतो. हा शोध कोरड्या मैदानावर लागलेला बरा.

जागा शाळेपासून चालत १० ते १५ मिनिटांत हवी. त्याहून लांबची जागा दुसऱ्यांदा होत नाही, आणि एकदाच झालेल्या मोजणीला तुलना नसते. ३५ मिनिटांच्या दोन तासिका जोडल्या तर ७० मिनिटं होतात. जाण्यायेण्यात २५ गेली, तर कामाला पाऊण तास उरतो. तेवढ्यात एक प्रश्न नीट होतो, तीन होत नाहीत.

प्रश्न कोणता, यावर शिक्षकाने सगळ्यात जास्त वेळ घालवावा. ‘ओढा स्वच्छ आहे का?’ हा प्रश्न चालत नाही, त्याचं उत्तर मुलं शाळेतूनच देतात. ‘धुण्याच्या दगडांच्या वर आणि खाली, खळाळात सापडणाऱ्या किड्यांच्या प्रकारांत फरक आहे का?’ हा चालतो. याचं उत्तर कुणालाच माहीत नसतं, बाईंनाही नाही. निघण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज पेनने वहीत लिहायचा. पेन्सिलने नको, ती परत आल्यावर खोडली जाते.

(दृश्य: पाण्यात मोजपट्टी उभी धरलेला हात. मागे आवाज: ‘एकोणीस!’)

प्रवाह मोजण्यासाठी सरळ, गवत नसलेला १० मीटरचा पट्टा निवडायचा. रुंदी टेपने मोजायची आणि ठरावीक अंतरावर खोली लाकडी मोजपट्टीने. पट्टीची कड प्रवाहाकडे धरायची. रुंद बाजू धरली, तर तिच्यावर पाणी चढतं आणि खोली एक-दोन सेंटीमीटर जास्त दिसते. उथळ ओढ्यात तेवढा फरक मोठा असतो.

उदाहरण घेऊ. रुंदी २.४ मीटर आहे आणि दर ४० सेंटीमीटरला खोली मोजली. ८, १४, १९, १६ आणि ९ सेंटीमीटर अशी पाच मापं आली. बेरीज ६६. सरासरीसाठी भागायचं कितीने? जवळजवळ सगळा वर्ग पाचने भागतो, १३.२ आणतो आणि चुकतो. दोन्ही काठांना खोली शून्य आहे, आणि पाच मापांनी ओढ्याचे सहा तुकडे पाडले आहेत. ६६ भागिले ६, म्हणजे ११ सेंटीमीटर. पाचने भागलं तर पाणी २० टक्के जास्त दिसतं. हे सूत्र म्हणून सांगू नये. आलेख कागदावर ओढ्याचा छेद काढायला लावावा आणि चौकोन मोजायला सांगावेत. चूक मुलांना आपोआप सापडते, आणि एकदा सापडली की ती विसरत नाहीत.

आता वेग. लिंबू चांगलं, कारण ते बरंचसं पाण्यात बुडून तरंगतं. पान किंवा प्लॅस्टिकचा हलका चेंडू वाऱ्याने ढकलला जातो, मग आपण वारा मोजून येतो. लिंबू वरच्या दोरीच्या मीटरभर अलीकडे सोडावं, म्हणजे दोरीपाशी येईतो ते प्रवाहाच्या वेगाने जाऊ लागलेलं असतं. पाच फेऱ्या घ्यायच्या. समजा ४१, ३८, ७२, ४० आणि ३९ सेकंद आले. पाचही धरले तर सरासरी ४६, आणि ७२ वगळले तर ३९.५.

इथे पुन्हा तो वाद. आकडा आवडला नाही म्हणून गाळायचा, ही वाईट सवय आहे. अडकलेलं लिंबू प्रवाहाचा वेग सांगत नाही, हेही खरं. तोडगा असा, की ‘लिंबू काठाला किंवा दगडाला अडकलं तर फेरी रद्द’ हा नियम मोजणीच्या आधी लिहून ठेवायचा. आणि रद्द फेरीही वहीत लिहायची, कारणासकट, एक आडवी रेघ मारून. खाडाखोड नाही.

१० मीटरला ३९.५ सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण २५ सेंटीमीटर. पण हा पृष्ठभागाचा वेग झाला. तळाशी पाणी दगडांना घासत हळू जातं, म्हणून गोट्यांचा तळ असेल तर ०.८ ने गुणतात, आणि गाळाचा गुळगुळीत तळ असेल तर ०.९ ने. छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे २.४ मीटर रुंदी गुणिले ०.११ मीटर सरासरी खोली, ०.२६४ चौरस मीटर. सगळं गुणलं की सेकंदाला ५३ लिटरच्या आसपास येतं. तासाला सुमारे १ लाख ९० हजार लिटर. दहा हजारी टँकर ज्यांच्या गल्लीत येतो, ती मुलं हिशेब स्वतःच पुढे नेतात: ताशी १९ टँकर.

(दृश्य: पांढरा ट्रे. दोन बोटं पाणी. एक चपटा किडा कडेने सरकतो.)

आता किडे. प्रवाह मोजणाऱ्या गटाने इथे आधी पाय घालायचा नाही. आणि नेहमी आधी खालची जागा, मग वरची. वर आधी उतरलात तर ढवळलेला गाळ आणि सुटलेले किडे वाहत खाली येतात, आणि खालच्या जागेची नोंद बिघडते. सगळं नीट करूनही मोजणी फसते, तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं.

डोहात नव्हे, खळाळात जायचं. खळाळ म्हणजे जिथे पाणी दगडांवरून आवाज करत जातं ती उथळ जागा. दोन काठ्यांना बांधलेली मच्छरदाणीच्या कापडाची जाळी पाण्यात उभी धरायची, तिचा खालचा काठ दगडांनी दाबायचा. जाळीच्या वरच्या बाजूला एक चौरस मीटर जागा ठरवून एक मिनिट पायांनी तळ ढवळायचा. दोन्ही जागी तितकंच क्षेत्र आणि तितकाच वेळ. खाली दोन मिनिटं आणि वर एक, असं झालं की तुलना संपली. जाळी आणि ट्रे साबणाने धुतलेले नकोत.

जाळीतला ऐवज पांढऱ्या ट्रेमध्ये उतरवायचा, ट्रे सावलीत ठेवायचा. उन्हात एवढंसं पाणी लगेच तापतं, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि किडे मरायला लागतात. सुरुवातीला ट्रेमध्ये फक्त पाला आणि वाळू दिसते. ‘काहीच नाही सर.’ गप्प राहायचं. दोन मिनिटं ट्रे हलवायचा नाही. मग पाल्याचा एक तुकडा चालू लागतो.

भिंगाखाली धरा. चपटं डोकं, सहा पाय, मागे शेपटीचे बारीक धागे. पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले आहेत आणि ते हलतायत. हे मे-फ्लायचं पिल्लू. वाहतं पाणी त्याच्या कल्ल्यांवरून सतत जात होतं. ट्रेमध्ये पाणी थांबलं, तसा तो कल्ले स्वतः हलवायला लागला. पाण्यातला ऑक्सिजन हा धडा इथे फळ्याशिवाय होतो.

नुसत्या शेपट्या मोजून ओळखू नका. मे-फ्लायला बहुतेकदा तीन असतात, काहींना दोनच, आणि पकडताना त्या तुटतातही. टाचणी, म्हणजे चतुरासारखा बारीक कीटक, त्याच्या पिल्लालाही मागे तीन असतात, पण त्या पानासारख्या रुंद, आणि पोटाच्या बाजूंना कल्ले नसतात. वाळूचे कण चिकटवून नळी करणारा कॅडिसफ्लाय मुलांचा लाडका, त्याला ‘घरवाला’ हे नाव पडतंच. पडू द्यावं. पाऊण तासात शास्त्रीय नावं पाठ करायची नसतात, प्रकार वेगळे करायचे असतात. बर्फाच्या ट्रेचे खण त्यासाठी उत्तम: एका खणात एक प्रकार.

लालभडक, वळवळणाऱ्या अळ्याच जास्त निघाल्या आणि मे-फ्लाय दिसलाच नाही, तर थांबून बघायला हवं. त्या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे ऑक्सिजन कमी असलेल्या गाळातही त्या तग धरतात. दोन-चार लाल अळ्या मात्र चांगल्या पाण्यातही सापडतात. एका किड्यावरून निकाल द्यायचा नाही, पूर्ण यादी बघायची.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगावी लागते. मे-फ्लाय सापडला म्हणजे पाणी पिण्याजोगं, असं नाही. विष्ठेतून येणारे जंतू किड्यांवरून कळत नाहीत. त्यासाठी ग्रामपंचायतीकडे असते तशी एच-टू-एस बाटली लागते. पाणी भरून ठेवल्यावर एक-दोन दिवसांत ती काळी पडली, तर ते पाणी पिऊ नये. बाटली काळी पडली आणि मे-फ्लायही भरपूर, असं एकाच ओढ्यात होऊ शकतं. असं झालं तर चर्चेला एक आख्खी तासिका द्या.

सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) मोजायचा तर मोजा, पण सामूच्या कागदी पट्टीचा रंग एका अंकाच्या फरकाने वाचता येतो. ७.४ आणि ७.६ असा भेद पट्टीवरून कुणी सांगत असेल तर तो डोळ्यांचा खेळ आहे. काळ्या खडकातून येणारं पाणी बहुधा ७ च्या थोडं वरच असतं. ‘७ नाही म्हणजे प्रदूषण’ असं लिहिणाऱ्या वह्या इथूनच निघतात.

किडे मोजून झाले की जिथून घेतले तिथेच सोडायचे.

(दृश्य: काठावर उभे शिक्षक, हाताची घडी.)

सुरक्षेचे नियम थोडे आहेत, पण त्यांत सूट नाही. पाणी गुडघ्याच्या वर नको. दहा मुलांमागे एक मोठं माणूस. पायाला जखम असेल तर त्या मुलाने काठावर नोंदी घ्यायच्या. वरच्या अंगाला ढग असतील किंवा पाणी अचानक गढूळ होऊ लागलं, तर सामान सोडून आधी बाहेर. जुलै ते सप्टेंबर ओढ्यात उतरायचंच नाही. ऑक्टोबरच्या शेवटापासून पाणी निवळतं, तेव्हा सुरुवात.

परत आल्यावर दोन तासिका हव्यात, आणि नेमक्या त्याच कापल्या जातात, कारण पोर्शन मागे पडलेला असतो. इथे कापायचंच असेल तर ओढ्यावरची एक फेरी कापा, या तासिका नको. पहिलीत सगळ्या गटांचे आकडे एकाच फळ्यावर लिहायचे. सात गटांना ५० ते ६० लिटर आणि आठव्याला ५३० आले, की सगळे त्या गटाकडे बघून हसतात. दशांश चिन्ह कुठे सरकलं, ते त्याच गटाला शोधू द्यावं. दुसरीत प्रत्येकाने आपला पेनने लिहिलेला अंदाज उघडायचा आणि त्याखाली एक वाक्य लिहायचं: माझा अंदाज कोणत्या आकड्यामुळे टिकला किंवा पडला.

अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी शिक्षकांचे तास ध्वनिमुद्रित करून पाहिले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. ती थांबण्याची वेळ तीन सेकंदांच्या वर नेली, तर मुलांची उत्तरं लांबली आणि जास्त मुलं बोलू लागली. ओढ्याच्या आकड्यांवर बोलताना ही तीन सेकंदं मनात मोजावीत. फार लांब वाटतात.

गुण देताना वहीची सजावट बघू नका. मागच्या वर्षीच्या वर्गाचा एक तक्ता द्या, जागा आणि महिना झाकून, आणि विचारा: यावरून काय म्हणता येईल, काय म्हणता येणार नाही? दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर ज्याला येतं, त्याला मोजणी समजली आहे.

(दृश्य: मार्च. कोरडं पात्र. तीच दोरी, तीच जागा.)

मार्चमध्ये पाणी नाही, म्हणून ओढ्यावरची फेरी रद्द करू नये. त्याच १० मीटरमध्ये वाळूत हातभर खड्डा घ्यायचा. पाणी किती खोलीवर लागलं आणि बोटभर साठायला किती मिनिटं लागली, ते लिहायचं. प्रवाहाच्या रकान्यात शून्य लिहायचं. मे महिन्यात शाळेला सुट्टी, तिथे आडवी रेघ. शून्य म्हणजे जाऊन पाहिलं आणि पाणी वाहत नव्हतं. रेघ म्हणजे कुणी गेलंच नाही. पुढच्या वर्षीची आठवी हा तक्ता उघडेल, तेव्हा तिला या दोन खुणांतला फरक कळायला हवा.