रफच्या उलट काय?

नमस्कार, श्रोतेहो.

सुरुवात माझ्या एका फजितीने करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका इंग्रजी कथेचं भाषांतर करत होतो. कथेतल्या माणसाबद्दल एक वाक्य होतं : 'ही हॅड बीन स्लीपिंग रफ फॉर टू विंटर्स.' त्यात अवघड शब्द एकही नाही, त्यामुळे शब्दकोश उघडायचं मनातही आलं नाही. मी लिहून मोकळा झालो, 'दोन हिवाळे त्याला धड झोप लागली नव्हती.' पुढच्याच परिच्छेदात हा माणूस झोपताना पिशवी डोक्याखाली घेतो आणि बुटांच्या नाड्या मनगटाला बांधून ठेवतो. मला वाटलं, असेल बुवा विक्षिप्त. कथा छापून आली. त्यानंतर कितीतरी दिवसांनी कळलं, की 'स्लीपिंग रफ' म्हणजे उघड्यावर, रस्त्याच्या कडेला झोपणं. ब्रिटनमध्ये तर सरकारी कागदपत्रांतही अशा माणसांना 'रफ स्लीपर' म्हणतात. मी त्या बेघर माणसाला घर दिलं, गादी दिली आणि वर निद्रानाश दिला.

तेव्हापासून या शब्दावर माझी नजर आहे. तसा तो दिसायलाही फसवाच. आर, ओ, यू, जी, एच. यातली शेवटची चार अक्षरं 'दो' या शब्दात ओकार होतात, 'थ्रू'मध्ये ऊकार होतात, 'कॉफ'मध्ये पुन्हा 'फ' होऊन बसतात. हा 'फ' मुळात नव्हता. जुन्या इंग्रजीत शब्द होता 'रूह', आणि त्याच्या शेवटी घसा खाकरल्यासारखा एक आवाज यायचा. स्कॉटिश लोक तळ्याला 'लॉख' म्हणताना तो आवाज अजून काढतात. इंग्रजीतून तो गेला, काही शब्दांत त्याच्या जागी 'फ' आला, पण अक्षरं तशीच राहिली. जर्मनमधल्या याच्या चुलतभावाचं, 'राउ'चं, नशीब बरं. त्याच्या शेवटी उगाच लोंबणारा एच 1996च्या शुद्धलेखन सुधारणेत काढून टाकला.

या जुन्या 'रूह'चा एक अर्थ होता केसाळ. कुत्र्यांच्या नावात तो आजही सापडतो. 'रफ कॉली' म्हणजे लांब, दाट केसांचा कॉली. आखूड केसांचा तो 'स्मूद कॉली'. नाव वाचून कुत्रा तापट असेल असं समजू नका.

आता गंमत बघा. आपण मराठीत स्पर्शाच्या बाबतीत फार चोखंदळ आहोत. मांजरीची जीभ खरबरीत असते, रस्ता खडबडीत असतो. हे दोन शब्द आपण कधी अदलाबदल करत नाही. खरबरीत बोटाला कळतं, खडबडीत पायाला किंवा गाडीच्या चाकाला. न घडवलेला दगड ओबडधोबड, कापड जाडंभरडं, आवाज घोगरा, माणूस रांगडा किंवा राकट. इंग्रजी माणूस या सगळ्यांना एकाच शब्दात उरकतो : रफ. मग आपण भाषांतराला बसलो की पंचाईत होते, कारण समोर एक शब्द आणि हाताशी दहा.

मी यावर एक युक्ती काढली आहे. 'रफ' दिसला की त्याचा अर्थ शोधायचा नाही. या ठिकाणी त्याच्या उलट काय असेल, ते विचारायचं.

समुद्राचं घ्या. 'रफ सी'च्या उलट गुळगुळीत समुद्र नाही, शांत समुद्र. म्हणून आपला शब्द खवळलेला. दर्यावर्दी लोकांनी तर या 'रफ'ला मोजपट्टी लावली आहे. हवामानखात्यांच्या आंतरराष्ट्रीय श्रेणीत लाटा अडीच मीटरपासून चार मीटरपर्यंत असल्या तरच समुद्र 'रफ', आकडा पाच. चार ते सहा मीटर झाल्या की 'व्हेरी रफ'. बोटीच्या कठड्याला धरून ओकणाऱ्या माणसाला तो त्याआधीच रफ वाटलेला असतो, ते सोडा.

'रफ फिगर'च्या उलट नेमका आकडा, म्हणून ढोबळ. 'रफ ड्राफ्ट'च्या उलट पक्का मसुदा, म्हणून कच्चा. शाळेत आपण रफ वही आणि फेअर वही म्हणत मोठे झालो, तेव्हा ही उलट जोडी आपल्याला न शिकवता आली होती.

हिऱ्यांच्या धंद्यात 'रफ' हे विशेषणही राहिलेलं नाही, नाम झालं आहे. पैलू न पाडलेला माल म्हणजे रफ. दक्षिण आफ्रिकेत 1905 साली कलिनन नावाचा हिरा सापडला, तो होता 3,106 कॅरटचा. त्याचे पैलू पाडून नऊ मोठे आणि 96 छोटे हिरे काढले. पण खाणीतून आला तेव्हा तो सगळा मिळून एक रफ. म्हणून एखाद्या माणसाला 'रफ डायमंड' म्हटलं तर ती शिवी नाही. बोलायला धसमुसळा, आतून अस्सल, असा तो अर्थ. अमेरिकेत हेच 'डायमंड इन द रफ' होतं.

गोल्फच्या मैदानावर कापलेल्या हिरवळीच्या दोन्ही बाजूंना गवत मुद्दाम वाढू देतात, तेही 'रफ'. चेंडू तिथे गेला की खेळाडूचा चेहरा बघण्यासारखा होतो. घोड्यांच्या दुनियेत बिनकाबूच्या घोड्याला स्वारीची सवय लावणारा तो 'रफ रायडर'. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट 1898 साली क्यूबात जी स्वयंसेवक पलटण घेऊन लढले, तिलाही लोकांनी हेच नाव दिलं.

मला सगळ्यांत आवडलेला प्रयोग मात्र 'रफ म्यूझिक'. हे संगीत नव्हेच. इंग्लंडच्या खेड्यांत पूर्वी कुणी बायकोला मारहाण केली किंवा गावाला न रुचणारं काही केलं, तर रात्री लोक त्याच्या दारापुढे जमायचे आणि तवे, पातेली, डबे, शिंगं, हाताला येईल ते बडवायचे, फुंकायचे. माणूस शरमेने घराबाहेर पडेनासा व्हायचा. इथे 'रफ'च्या उलट काय? सुरेल म्हणावं, तर अर्धाच अर्थ लागतो. कारण कर्कश नुसता आवाज नव्हता, न्यायही तसाच होता. ना पुरावा, ना बाजू मांडायची सोय. नियमाबाहेरच्या अशा निवाड्याला इंग्रजीत म्हणतातच 'रफ जस्टिस'. इथे माझी युक्ती लंगडी पडते, हे कबूल करतो.

आणि आपण हा शब्द मराठीत आणला तेव्हा त्याला एक अर्थ आपल्याकडचा चिकटवला. 'हे कपडे रफ वापरायला ठेव,' असं घराघरांत म्हणतात. म्हणजे रोजचे, जपावे न लागणारे. लंडनच्या माणसाला 'रफ क्लोथ्स' म्हणालात तर त्याच्या डोळ्यांपुढे जाडंभरडं, टोचणारं कापड येईल. पण म्हणून आपला वापर चुकीचा, असं मी म्हणणार नाही. उलट काय, तर ठेवणीतले. युक्ती इथे बरोबर चालते.

तीच युक्ती त्या वाक्यालाही लावून बघितली. 'स्लीपिंग रफ'च्या उलट काय? डोक्यावर छप्पर. मग वाक्य सरळ होतं, 'दोन हिवाळे त्याने उघड्यावर काढले होते.' हे सुचायला मला फार उशीर झाला. त्या कथासंग्रहाची दुसरी आवृत्ती काही निघाली नाही, आणि माझ्या भाषांतरात तो गृहस्थ बुटांच्या नाड्या मनगटाला बांधून अजूनही मऊ गादीवर कूस बदलतो आहे.

नमस्कार.