दारातलं पाणी अन् डब्बा आवाज

नमस्कार मंडळी. आपल्याकडं पाऊस पडत नाही म्हणून रडायचं अन् पडला की माझ्यासारख्यानं गाडीत पाणी उपसायला मग्गा घेऊन बसायचं. मागल्या वर्षी परतीच्या पावसात परभणीहून जिंतूरला निघालो होतो, 2006 ची जुनी गाडी, अन् बायको म्हणाली, "अहो, माझ्या चपला तरंगायल्यात."

आता पहिला संशय सगळ्यांना दाराच्या कडेच्या रबरावर येतो, मीपण नवं रबर बसवलं, पैसे गेले, पाणी यायचं ते यायलंच. कारण मंडळी, दाराच्या आत पाणी जाणारच, दार बनवलेलंच तसं असतं. काच खालीवर होते त्या फटीतून ते आत उतरतं, पत्र्यावरून ओघळतं अन् दाराच्या बुडाला बारीक भोकं असतात तिथून रस्त्यावर गळतं. त्या पाण्याच्या अन् तुमच्या मांडीच्या मधी असतो फक्त एक प्लास्टिकचा कागद, डोअर पॅडच्या, म्हणजे दाराला आतून लावलेल्या आवरणाच्या मागं काळ्या चिकट पट्टीनं डकवलेला.

माझा कागद कुणी फाडला? स्पीकर बसवणाऱ्या पोरानं! ब्लेडनं टर्रकन कापला अन् दिला फेकून. बरं, एवढं करून आवाज तरी चांगला यावा, तर तोपण डब्बा.

मग एका रविवारी स्वतःच दार खोललं. काच फिरवायचं हँडल निघंना, तर त्याच्या मागं रुमाल घालून इकडून तिकडं घासला की आतली क्लिप टुण्णकन उडते, फक्त कुठं उडती ते बघा, माझी अर्धा तास सापडली नाही. पॅड काढून काचेवर तांब्यानं पाणी ओतलं अन् बघत बसलो. खालची भोकं काळ्या मातीनं गच्च! झाडूच्या काडीनं मोकळी केली (तार घालू नका, रंग निघून गंज लागतो), तर गढूळ पाणी भळाभळा आलं.

पाणी अडवायचं अन् आवाज सुधारायचं काम एकच आहे, हे मला तिथं कळालं. स्पीकरचा पडदा पुढं हवा ढकलतो तेव्हा मागं ओढतो, अन् आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असली की मागचा आवाज पुढच्याला खाऊन टाकतो, बास गायब. म्हणून फ्लेक्सवाल्याकडनं सनबोर्डचे, म्हणजे फोमसारख्या हलक्या प्लास्टिकच्या पाटीचे तुकडे आणून मोठी भोकं स्क्रूनं बंद केली, पुढं काचेचं काम निघालं तर खोलता येतं. बाहेरच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारा जड चिकट कागद) दाबून बसवली, वरून जाड प्लास्टिक ब्यूटाइल टेपनं, म्हणजे रबरी चिकट पट्टीनं चिकटवलं, खालची कड दाराच्या आत वळवून. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नका, पत्रा खातो. अन् उत्साहाच्या भरात बुडाची भोकं बुजवू नका बरं का!

स्पीकरवर प्लास्टिकची छोटी छत्री केली. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या वायरींना टेकवून पडदा कुठं हलतो ते तपासलं तर एका स्पीकरच्या वायरी उलट्या, म्हणजे एक पडदा बाहेर अन् एक आत, बास कुठून येणार! अँप (आवाज वाढवणारा अँप्लिफायर) टाकणार असाल तर बॅटरीजवळच फ्यूज लावा, अन् डब्यावरचे मोठे वॅट बघू नका, आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे वॅट बघा.

यंदा मॅट कोरडी आहे अन् ढोलकी ढोलकीसारखी वाजायली. मागचं एक दार राहिलंय, तिथं सासरे बसतात, त्यांची अजून काही तक्रार नाही.