किरकोळ वादावादी

(दृश्य : कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान. पहाट संपून उजाडलेलं. रिकामा आखाडा.)

सकाळचे सात वाजलेत. खासबागेत आत्ता कोणी नाही. आखाड्याच्या कडेनं एक कुत्रं फिरतंय. बाहेर खाऊ गल्लीतल्या गाड्यांवरची ताडपत्री अजून निघालेली नाही.

शाहू महाराज 1902 मध्ये युरोपला गेले, रोमचं कलोसियम बघून आले आणि 1912 मध्ये हे मैदान उभं राहिलं. बशीसारखा उतार. कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. ही सोय प्रेक्षकांसाठी केली, असं आपण नेहमी ऐकतो. जरा पैलवानाच्या बाजूनं बघा. त्याला लपायला जागाच ठेवलेली नाही.

इथं नुसती खडाखडी करत वेळ काढणारा पैलवान सुटत नाही. वरच्या पायरीवरून आवाज येतोच, "आरं धर की लेका! खुराक कुणाचा खाल्लास?" घरी गेल्यावर वस्ताद आहेतच.

(दृश्य : शाहू स्टेडियम. फुटबॉल सामना. गच्च भरलेली गॅलरी.)

शाहू स्टेडियमवर तर विचारूच नका. पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा, फुलेवाडी, सगळे गावातलेच फुटबॉल संघ. ज्या पोराला काल खांद्यावर घेऊन नाचवलं, त्यानं आज पेनल्टी बाहेर मारली की त्याच्याच पेठेचे लोक त्याच्या सात पिढ्या काढतात. नायजेरियातून आलेल्या खेळाडूलाही यातून सूट नाही. दोन सामन्यांत तो पेठेचा होतो आणि तिसऱ्यात पेठेच्या शिव्या खातो.

इतकं तोंडावर बोलणारं हे गाव. पण दुसऱ्या दिवशी पेपर उघडा. "चुरशीचा सामना." "दमदार खेळी." "प्रेक्षणीय लढत." गॅलरीत जे दहा हजार कानांनी ऐकलं, ते छापताना कुठं गळून पडतं?

मला थोडंफार माहीत आहे, कारण काही वर्षं मीही क्रीडा पानाला बातम्या देत होतो.

एका सामन्यात, माझ्याच पेठेच्या संघाचा सगळ्यात लाडका खेळाडू लाइनमनच्या अंगावर धावून गेला. नुसता धावून गेला नाही, एक लगावली. मी दहा फुटांवर होतो. रात्री बातमी लिहायला बसलो आणि लिहिलं, "सामन्यादरम्यान किरकोळ वादावादी झाली." कोणी फोन केला नव्हता. कोणी धमकावलं नव्हतं. त्याची आई आमच्या गल्लीत राहायची, आणि पुढच्या आठवड्यात त्याचा संघ चालवणाऱ्या तालमीनं त्याच्या अभिनंदनाची पाव पान जाहिरात आमच्याच पेपराला दिलेली होती. यातलं कुठलं कारण मोठं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. किरकोळ हा शब्द मात्र तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

तो लाइनमन पुढच्या सामन्याला आला नाही. त्याची बातमी झाली नाही.

(दृश्य : चौकातला फ्लेक्स. हार, फेटे, सत्काराचं स्टेज.)

आपल्याकडं खेळाडूची बातमी आणि खेळाडूचा सत्कार यात फरकच उरत नाही. स्टेजवर आमदार, बाजूला खेळाडू, आणि तिसऱ्या खुर्चीवर बहुतेक वेळा पत्रकार. फेटा त्यालाही बांधतात. फेटा बांधून घेतल्यावर प्रश्न विचारायचा कसा?

हे झालं गावातलं. क्रिकेटमध्ये हीच गोष्ट कराराच्या कागदावर होते.

16 मार्च 2012. मिरपूर. आशिया चषकात बांगलादेशाविरुद्ध सचिन तेंडुलकरचं शंभरावं आंतरराष्ट्रीय शतक. 99 वं शतक नागपूरला होऊन वर्ष उलटलं होतं. सचिननं 114 केले, भारतानं 289, आणि बांगलादेशानं चार चेंडू राखून सामना जिंकला. त्या रात्री आमच्या ऑफिसात पेढे वाटले. पानाची मांडणी कधीचीच तयार होती, फक्त फोटो आणि तारीख टाकायची बाकी. भारत हरला, ही ओळ कुठं घालायची यावर पाच मिनिटं चर्चा झाली. शतकाच्या नादात डाव संथ झाला का, हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही. मलाही नाही. मी दोन पेढे खाल्ले.

सचिनवर प्रेम होतं, ते समजू शकतो. पण ज्यांचं कामच बोलणं आहे, त्यांचं काय? भारतातल्या सामन्यांचे अनेक समालोचक क्रिकेट मंडळाच्याच करारावर असायचे. म्हणजे ज्याच्या घरचं लग्न, त्याच्याच पैशानं आलेला कॅमेरावाला. तो नवरदेवाचा वाकडा फोटो कशाला काढेल? 2016 च्या आयपीएलआधी हर्षा भोगले यांना समालोचकांच्या यादीतून वगळलं. मार्च 2020 मध्ये संजय मांजरेकर यांना. आणि 2017 च्या जून महिन्यात इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी, मंडळाचा कारभार बघायला सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या प्रशासक समितीचा राजीनामा देताना, भारतीय क्रिकेटमधल्या सुपरस्टारच्या रोगावर, म्हणजे मोठ्या खेळाडूंपुढं सगळ्यांनी झुकण्यावर, लेखी बोट ठेवलं. कसोटीतून निवृत्त झालेल्या धोनीला वरच्या श्रेणीचा करार कसा, हेही त्यांनी विचारलं. चार दिवस गाजावाजा झाला. मग पुढची मालिका सुरू झाली.

(दृश्य : नेमबाजीची रेंज. शांतता. एकच गोळीचा आवाज.)

पण टीका चुकण्याचा आणखी एक रस्ता आहे, आणि तो कोल्हापूरला जास्त ओळखीचा आहे. तुमच्याकडं कोणी बघतच नसेल, तर बोलणार कोण?

कोल्हापूरची नेमबाज तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर रायफल प्रोनची, म्हणजे पालथं झोपून नेम धरायच्या प्रकाराची, जागतिक विजेती झाली. भारतीय स्त्री म्हणून पहिलीच. पहिलं ऑलिम्पिक तिच्या वाट्याला आलं ते टोकियोत, चाळिशीत. तिथं ती 33 वी आली. आपल्या चौकांत त्या 33 व्या क्रमांकावर मी एकही वाद ऐकला नाही. कोहली शून्यावर बाद झाला तर पानपट्टीवर रात्री अकरापर्यंत चर्चा चालते. तेजस्विनीला ती गर्दी कधी लाभली नाही. आता कोणी म्हणेल, बरंच झालं की. बरं झालं का? दहा वर्षांत तिला काय मिळालं, काय मिळालं नाही, हे विचारायचं राहून गेलं ते गेलंच.

क्रिकेटपटू भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. डिसेंबर 1948 मध्ये पुण्याला, काठियावाडविरुद्ध नाबाद 443. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी 452 ला नऊ धावा कमी, आणि समोरच्या संघानं सामनाच सोडून दिला. या माणसाला अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही. निवड समितीवर जे तुटून पडायला हवं होतं, ते कोण पडलं?

स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचं कांस्य. रेल्वेत तिकीट तपासनीस, बढती कितीतरी वर्षं रखडलेली. पदक मिळालं आणि बढती लगेच झाली. सगळ्या वाहिन्यांनी ती आनंदाची बातमी म्हणून दाखवली.

पैलवान टीव्हीवर कधी येतो? फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली, तेव्हा आला. दिवसभर तीच क्लिप. तीन वर्षांची बंदी झाली, ती व्हायलाच हवी होती. पण माजी महाराष्ट्र केसरी असलेल्या त्या पोराच्या कुस्त्या याआधी किती वाहिन्यांनी पूर्ण दाखवल्या होत्या? लाथेआधी त्याचा चेहरा किती लोकांना माहीत होता?

(दृश्य : खासबाग. संध्याकाळ. हलगी. गर्दी.)

आता मैदान भरलंय. हलगी कडाडतेय. शेवटून दुसरी जोड लागलीय, दोन्ही नावं मोठी. वीस मिनिटं झाली, दोघं डोक्याला डोकं लावून उभे. वरच्या पायरीवर फेटेवाले एक आजोबा उठलेत, हातातली काठी आखाड्याकडं रोखून ओरडतायत, "आरं लावा की निकाली! पैसं वाजवून घेतल्यात का काय?" आजूबाजूचे हसतायत. मग तेही ओरडायला लागतात. पंच आत शिरतात, दोघांचे हात धरून वर करतात. बरोबरीत सोडवली.

आखाड्याच्या कडेला, मांडीवर वही घेऊन, एक तरुण वार्ताहर बसलाय. कॅमेरा त्याच्या खांद्यावरून वहीवर जातो. त्यानं लिहिलंय, "प्रेक्षणीय लढत बरोबरीत."