चौथ्या खांबाचा दगड

अध्यक्ष महोदय, मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘काठमांडूचा काष्ठमंडप लोकांनी पुन्हा कसा उभारला’. तिथे पोचेनच, पण किल्लारीवरून. माझं कुठलंही भाषण किल्लारीवरूनच जातं, जुन्या श्रोत्यांना सवय आहे. (हशा)

लातूर जिल्ह्यातली किल्लारी भूकंपाने हादरली 30 सप्टेंबर 1993 ला, पहाटे चाराला चार मिनिटं कमी असताना. आदल्या रात्री गणपती बोळवून गावं निजली होती. नेपाळ हादरलं 25 एप्रिल 2015 ला, बाराला चार मिनिटं कमी असताना. यात काय गोम आहे ते ज्योतिषाला विचारा; आपण भिंतींकडे बघू.

आपल्याकडच्या जुन्या घरांच्या दगडमातीच्या भिंती चांगल्या दोन-अडीच फूट रुंद. पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये भर, आणि दोन्ही थरांना आरपार बांधणारा दगड नाही. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, आणि गळलं की माळवदावर आणखी माती. लोकांनी निष्कर्ष काढला की दगड माणूस मारतो. काढणारच, ज्याच्या घरात चार माणसं गेली त्याला बांधणीचं शास्त्र कोण सांगणार? 52 गावं नव्या जागी गेली. रस्ते सरळ, घरं रांगेत, जणू वहीचा चौकटीचा कागद.

अशाच एका नव्या गावात एका आजींच्या अंगणात मी जुन्या वाड्याचं दार पाहिलं. सागवानी, पितळी कड्या, वर कोरलेली वेल. चार विटांवर आडवं ठेवलेलं, आणि त्यावर मिरच्या वाळत घातलेल्या. म्हटलं, “आजी, हे घराला का नाही बसवलं?” आजी म्हणाल्या, “बसंना की वो सायेब. दार मोठं, घर बारकं.” मग मला मिरच्या हलवायला लावलं. पुढचा तासभर डोळे चोळत होतो, आणि सोबतच्या मंडळींना वाटलं, साहेब फारच हळवे आहेत. (हशा)

त्या घराचा नकाशा काढणाऱ्याने आजींना दाराचं माप विचारलं नव्हतं. माझं भांडण एवढंच आहे, तीस वर्षांचं. सिमेंटशी माझं वैर नाही, असं मी नेहमी म्हणतो. घरच्यांचा विश्वास बसत नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत, म्हणजे पाच.

तर काठमांडू. राजा प्रताप मल्लाने 1670 मध्ये बांधलेलं राणीपोखरी तळं. भूकंपानंतर तिथे काँक्रीट ओतायला सुरुवात झाली, तेव्हा आसपासचे नेवार, म्हणजे काठमांडू खोऱ्यातले मूळचे लोक, आडवे आले आणि काम थांबवलं. शेवटी वीट, चुना, सुरखी (विटांची पूड) वापरून 2020 मध्ये ते पुरं झालं. हे बळ आलं कुठून? नेवारांच्या गुठी असतात. देवळाला जमीन लावून दिलेली, तिच्या उत्पन्नावर दुरुस्ती, जत्रा, पूजा. आपल्या देवस्थान इनामासारखं, पण सांभाळणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच. 2019 मध्ये सरकारने गुठींवर ताबा आणणारं विधेयक काढलं, तर हजारो माणसं रस्त्यावर आली. विधेयक मागे गेलं.

काष्ठमंडप म्हणजे शहराच्या मधोमध असलेला जुना लाकडी मंडप, 2015 च्या भूकंपात कोसळलेला. त्याचंही काम कमी दराच्या टेंडरवर जाऊ नये म्हणून लोक भांडले. लाकूड, वीट, मातीचा तोच मंडप 2022 पर्यंत उभा राहिला. पण त्याआधी उत्खनन झालं, आणि गंमत बघा: पाया सातव्या शतकातला आणि धड! मुख्य चार खांबांपैकी एक मात्र आपल्या बैठकीच्या दगडात बसलेलाच नव्हता. मागच्या एका दुरुस्तीत तो दगड फरशीखाली गाडला गेला होता. म्हणजे वास्तू जुनी झाली म्हणून नव्हे, दुरुस्तीमुळे लंगडी झाली होती. आणि भूकंपाच्या दिवशी आत रक्तदान शिबिर चालू होतं.

घंटा वाजली. त्या दगडाचा फोटो दाखवायचा राहिला. चहाच्या वेळी मोबाइलवर दाखवतो. चष्मे सोबत ठेवा.